पंजाबात घेतलेला जुना ट्रॅक्टर मराठवाड्यात कसा आणावा

गेवराई तालुक्यातील एका शेतकरी बंधूंनी विचारले आहे की, त्यांनी बठिंडा जिल्ह्यातील तलवंडी साबो येथील जुन्या ट्रॅक्टरांच्या बाजारात २०१७ सालचा, ५० अश्वशक्तीचा एक ट्रॅक्टर पसंत करून इसार दिला आहे. विकणारा म्हणतो की, चालवत न्या, नाहीतर मी एखाद्या ट्रकवर चढवून देतो. अशा वेळी ट्रॅक्टर गावापर्यंत सुखरूप कसा आणावा, भाडे किती योग्य समजावे आणि कोणते कागद सोबत असावेत, असे त्यांचे प्रश्न आहेत. मी गेली अठरा वर्षे जळगाव जिल्ह्यातून केळीच्या गाड्या उत्तरेकडे पाठवतो आणि त्याच गाड्यांवर परतीच्या फेरीत जुने ट्रॅक्टर व शेतीची यंत्रे आणून देतो. त्या कामात जे शिकलो ते येथे लिहितो.

सर्वांत आधी एक गोष्ट मनात पक्की धरावी. जवळच्या गावात घेतलेल्या ट्रॅक्टरचा एखादा कागद राहिला, तर दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवर जाऊन आणता येतो. इथे मात्र जी गोष्ट ट्रॅक्टर ट्रकवर चढण्यापूर्वी राहून जाते, तिच्यासाठी पुन्हा दीड हजार किलोमीटर जावे लागते, आणि तोपर्यंत पूर्ण पैसे मिळालेला विकणारा पूर्वीइतक्या तत्परतेने भेटेलच असे नसते. म्हणून गाडी ठरवणे हे काम मी नेहमी शेवटी ठेवतो, आणि तुम्हीही तसेच करावे असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

चालवत आणण्याचा विचार मात्र आजच सोडून द्या. तलवंडी साबोहून हिसार, जयपूर, कोटा, इंदूर, धुळे आणि छत्रपती संभाजीनगर या मार्गाने गेवराई सुमारे १,५५० किलोमीटर पडते. ट्रॅक्टरचा सरासरी वेग ताशी २५ किलोमीटर धरला, तर ६२ तास इंजिन चालवावे लागते. ५० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर रस्त्यावर तासाला चार ते पाच लिटर डिझेल घेतो, म्हणजे २५० ते ३१० लिटर डिझेल. एकोणीस फूट लांब हौद्याचा ट्रक तेच अंतर २२० ते २६० लिटरमध्ये तुमचा ट्रॅक्टर पाठीवर घेऊन पार करतो. त्यात दोन माणसांचा आठ-नऊ दिवसांचा मुक्काम आणि जेवणखाण मिळवा. शिवाय शेतासाठी बनवलेल्या टायरचे उंच दाते तापलेल्या डांबरावर फार लवकर झिजतात, आणि मागच्या टायरची एक जोडी आज काय भावाने येते हे तुम्हाला मी सांगायला नको. दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्गासारख्या रस्त्यांवर ट्रॅक्टरला प्रवेशच नाही, त्यामुळे जुन्या, गर्दीच्या रस्त्यांवरूनच यावे लागते. रात्री मागचा दिवा नीट न दिसणारा संथ ट्रॅक्टर महामार्गावर किती धोक्याचा असतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पैसे वाचत नाहीत आणि जीव धोक्यात जातो, असा हा मार्ग आहे.

आता कागदांकडे येऊ. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४८ प्रमाणे वाहन दुसऱ्या राज्यात न्यायचे असेल, तर मूळ नोंदणी कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते आणि त्याचा अर्ज नमुना २८ मध्ये, विकणाऱ्याच्या नावाने होतो. पंजाबात खासगी वाहनांच्या नोंदणीचे काम बहुतेक ठिकाणी एसडीएम, म्हणजे उपविभागीय दंडाधिकारी, यांच्या कार्यालयाकडे असते, त्यामुळे आपल्याकडच्यासारखे आरटीओ कार्यालय शोधत हिंडू नये. आरसी बुकावर ज्या कार्यालयाचे नाव आहे तेथेच जावे. या प्रमाणपत्रात वाहन कोणत्या कार्यालयाच्या हद्दीत जाणार हे लिहिलेले असते. तुमच्यासाठी तेथे बीड, म्हणजे एमएच-२३, असेच आले पाहिजे. मध्यस्थ अनेकदा सवयीने पुणे किंवा मुंबई लिहून मोकळा होतो, आणि मग ट्रॅक्टर गावात उभा असताना कागद मात्र पुन्हा पंजाबात पाठवावा लागतो. ट्रॅक्टरवर बँकेचा बोजा असेल, तर बँकेचे कर्जफेडीचे पत्र आणि दोन्ही बाजूंच्या सह्यांचा, बोजा उतरवण्याचा नमुना ३५ आधी हातात घ्या. मालकी बदलण्याच्या नमुना २९ आणि ३० वर विकणाऱ्याच्या सह्या, त्याच्या ओळखपत्राची सही केलेली प्रत, मूळ आरसी आणि विक्रीची पावती हा सगळा संच तुमच्याकडे आल्याशिवाय उरलेली रक्कम देऊ नका. थकलेले ई-चलान असले की प्रमाणपत्र अडते, म्हणून तेही आधीच तपासून घ्या.

चासी आणि इंजिनचा क्रमांक स्वतः वाचून आरसीशी ताडून पाहा, आणि चासी क्रमांकावर कागद धरून पेन्सिलने घासून त्याचा ठसा घ्या. इथल्या कार्यालयात तो ठसा लागतोच. पण त्याहून मोठा फायदा असा की, ठसा घेताना क्रमांक खरवडलेला किंवा पुन्हा ठोकलेला असेल, तर तो हाताला लगेच कळतो. तसे काही जाणवले, तर इसार बुडाला तरी चालेल, पण तो ट्रॅक्टर घेऊ नये.

वाहतुकीच्या कागदांबाबत लोकांचा बराच गोंधळ होतो. जीएसटीत नोंद असलेल्या व्यापाऱ्याकडून ट्रॅक्टर घेतला असेल, तर त्याने बिल आणि ई-वे बिल, म्हणजे माल वाहून नेण्याचा ऑनलाइन काढलेला कागद, द्यायला हवे. ई-वे बिलाची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी मोजली जाते, म्हणजे तुमच्या अंतराला आठ दिवस मिळतात. वाटेत गाडी बिघडली, तर मुदत संपण्याच्या सुमारास ती वाढवून घ्यावी लागते, आणि ही गोष्ट चालकाला निघतानाच समजावून सांगावी. शेतकऱ्याने शेतकऱ्याला विकलेल्या ट्रॅक्टरला हे बंधन तसे लागू नसते. तरीही विक्रीची पावती, आरसीची प्रत, ना हरकत प्रमाणपत्राची प्रत आणि दोघांची ओळखपत्रे असा एक संच चालकाजवळ ठेवलाच पाहिजे. वाटेतल्या तीन राज्यांत तपासणीच्या वेळी 'हा ट्रॅक्टर कोणाचा' असे विचारले जाते, आणि त्याचे उत्तर कागदाने दिले की गाडी पाच मिनिटांत सुटते. मूळ आरसी मात्र चालकाकडे कधीही देऊ नये, ती तुम्ही स्वतः घेऊन या.

हे सगळे हातात आले की मग गाडी शोधावी. ५० अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचे वजन दोन टनांच्या आसपास असते, लांबी साडेतीन मीटर आणि रुंदी १.७५ ते १.९ मीटरच्या घरात. वजन पाहून अनेकांना वाटते की छोटा पिकअपही चालेल. तो चालत नाही, कारण ट्रॅक्टरचे बहुतेक वजन मागच्या धुऱ्यावर आणि जमिनीपासून उंचावर असते, आणि अरुंद, हलक्या गाडीवर असा माल वळणावर कलतो. चौदा फुटी गाडीत लांबी बसते, पण हौद्याची आतली रुंदी फार वेळा अपुरी पडते आणि मागची चाके फाळक्यांना घासत राहतात. म्हणून सतरा किंवा एकोणीस फुटी गाडी मी योग्य समजतो. दोन्ही मापे टेपने प्रत्यक्ष घ्या: ट्रॅक्टरच्या मागच्या टायरच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या बाहेरच्या कडेपर्यंत, आणि हौद्याची दोन फाळक्यांमधली आतली रुंदी. फोनवर सांगितलेल्या मापावर विसंबून ठरवलेली गाडी दारातून परत पाठवावी लागली, तर रिकाम्या फेरीचे पैसे मागितले जातात आणि ते देणे भागही पडते. मागच्या टायरमध्ये पाणी भरलेले असेल तर ते काढून टाका. प्रत्येक टायरमध्ये दीड-दोनशे लिटर पाणी असू शकते आणि ते वजन रस्ताभर वाहून आणण्यात काहीच अर्थ नाही.

भाड्याचे गणित परतीच्या मालावर चालते. आपल्याकडून रावेर-यावलची केळी, नाशिकचा कांदा आणि द्राक्षे घेऊन गाड्या दिल्ली, हरियाणा, पंजाबकडे जातात आणि तिथे उतरल्यावर महाराष्ट्राकडचा माल शोधत थांबतात. अशा गाडीला तुमचा ट्रॅक्टर म्हणजे हवा असलेला माल असतो. उलट बठिंड्यातलीच गाडी खास तुमच्यासाठी काढली, तर मालक रिकाम्या परतीचा खर्चही तुमच्याच भाड्यात धरतो. भाडे रास्त आहे का हे पाहण्याची माझी रीत सोपी आहे. १,५५० किलोमीटरला २२० ते २६० लिटर डिझेल, लिटरचा भाव ९० रुपये धरला तर वीस ते साडेतेवीस हजार रुपये. त्यावर टोल, चालकाचा भत्ता आणि गाडीचा हप्ता-झीज. जो माणूस नुसत्या डिझेलच्या खर्चाएवढ्या भाड्यात ट्रॅक्टर आणून देतो म्हणतो, तो एकतर तुमच्या ट्रॅक्टरशेजारी दुसरा माल कोंबणार असतो किंवा वाटेत काहीतरी निमित्त काढून वाढीव पैसे मागणार असतो. ओळखीचा कोणी दुसरा ट्रॅक्टर घेत असेल, तर चोवीस फुटी हौद्यात दोन ट्रॅक्टर येतात आणि भाडे वाटून जाते. मात्र एका ट्रॅक्टरची पुढची चाके दुसऱ्यावर चढवून जागा वाचवण्याचा जो प्रकार चालतो, त्याला जुन्या ट्रॅक्टरच्या बाबतीत मी कधीही होकार देत नाही.

वेळही पाहावी. एप्रिलच्या मध्यापासून मे महिन्यापर्यंत गव्हाची आणि ऑक्टोबरमध्ये भाताची खरेदी पंजाबच्या बाजार समित्यांत जोरात असते. त्या काळात तिथल्या गाड्या धान्यात गुंतलेल्या असतात आणि भाडे चढते. जुलै-ऑगस्टमध्ये गाडी सहज मिळेल, पण तुमच्या काळ्या जमिनीच्या रस्त्यावर ती उतरवायला आत येणार नाही.

ट्रॅक्टर चढवणे आणि बांधणे हे या सगळ्या कामातले सर्वांत महत्त्वाचे काम आहे, आणि त्या वेळी तुमचा स्वतःचा माणूस तिथे उभा असलाच पाहिजे. सुरुवातीच्या काळात मी एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या भरवशावर, न जाता, एक ट्रॅक्टर मागवला होता. तो नुसत्या सुती दोरांनी, पुढच्या स्टिअरिंगच्या दांड्याला बांधलेला होता. सेंधव्याच्या पुढे बिजासन घाट उतरताना चालकाने जोरात ब्रेक मारला, दोर तुटला आणि ट्रॅक्टर पुढे सरकून केबिनच्या मागच्या पत्र्यावर आदळला. रेडिएटर फुटले, पुढचा धुरा वाकला, आणि केवळ नशिबाने चालक वाचला. ज्या शेतकऱ्याचा तो ट्रॅक्टर होता, त्याची पेरणी त्या वर्षी भाड्याच्या ट्रॅक्टरवर झाली. त्याचे मला आजही वाईट वाटते, आणि तेव्हापासून बांधणी पाहिल्याशिवाय मी गाडी हलू देत नाही.

चढवण्यासाठी पक्का धक्का किंवा मातीचा भराव असलेली जागा निवडा. पंजाबातील ट्रॅक्टर बाजारांजवळ आणि वीटभट्ट्यांवर असे भराव मिळतात. दोन फळ्या टाकून चढवणे टाळा. उतार तीव्र असेल, तर ट्रॅक्टर मागे घेत चढवावा, कारण सरळ चढताना पुढची चाके उचलली जाऊन ट्रॅक्टर मागे उलटू शकतो. हौद्यात तो अशा जागी उभा करा की त्याच्या मागच्या धुऱ्याचे वजन ट्रकच्या मागच्या धुऱ्याच्या थोडे पुढे येईल. मग गिअर टाकून हँडब्रेक लावा, लिफ्ट पूर्ण खाली सोडा आणि चारही चाकांना पुढून-मागून लाकडी गुटके ठोकून हौद्याच्या तळाला खिळवा. साखळदंड किंवा रॅचेटचे रुंद पट्टे चार कोपऱ्यांतून, पुढे धुऱ्याच्या मधल्या भक्कम भागाला आणि मागे धुऱ्याच्या घराला, तिरपे ताणून लावावेत. स्टिअरिंगच्या दांड्या, लिफ्टचे हात, मडगार्ड आणि बोनेट यांना काहीही बांधू नये. टायर दबतात आणि पट्टे ढिले पडतात, म्हणून पहिल्या ४०-५० किलोमीटरनंतर चालकाने थांबून सगळे पट्टे पुन्हा आवळायचे, हे त्याच्याकडून तोंडाने वदवून घ्या.

काही बारीक गोष्टी आहेत, पण त्या सोडू नयेत. उभा सायलेन्सर काढून हौद्यात ठेवावा, म्हणजे रेल्वेपुलाखाली आणि गावातल्या वीजतारांखाली उंची अडत नाही. सायलेन्सर काढल्यावर उघड्या पडलेल्या धुराच्या तोंडावर बोळा किंवा प्लास्टिक घट्ट बांधावे. पावसाचे पाणी इंजिनात जात नाही, आणि टर्बो असलेल्या ट्रॅक्टरमध्ये वाऱ्याने टर्बोचे चक्र तेलाविना फिरून खराब होण्याचा धोका टळतो. बोनेट दोरीने खाली बांधा. बॅटरीची वायर सोडा, टाकीत चार-पाच लिटरच डिझेल ठेवा. टॉपलिंक, ड्रॉबार, पिना, पाने आणि जॅक एका पोत्यात शिवून आत पक्के बांधा आणि त्यांची यादी लिहा. चारही टायरचे क्रमांक, बॅटरी, डिझेल पंप आणि तासमापकाचा आकडा यांचे फोटो काढा. वाटेत वस्तू बदलल्याची शंका आली, तर बोलायला पुरावा हाच असतो.

बिल्टी, म्हणजे वाहतूकदार माल ताब्यात घेताना देतो तो कागद, लोक नुसता घडी करून खिशात ठेवतात, पण नुकसान झाले तर सारा निकाल त्याच्यावरच लागतो. बिल्टीवर ट्रॅक्टरचा मेक, चासी व इंजिन क्रमांक, सोबतच्या वस्तू, ट्रॅक्टरची किंमत, ठरलेले भाडे, आगाऊ द्यायची रक्कम, पोहोचण्याचा दिवस आणि उतरवण्याचे गाव हे सगळे यायला हवे. 'ओनर्स रिस्क', म्हणजे जोखीम मालाच्या मालकाची, असा शिक्का मारला असेल, तर त्याच जागी बोलून तो बदलून घ्या. रस्त्याने मालवाहतुकीचा २००७ चा कायदा आणि २०११ चे नियम यांनुसार, जास्तीची जोखीम लिहून घेतलेली नसेल, तर वाहतूकदाराची भरपाईची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच असते, आणि तीही जाहीर केलेल्या किमतीहून अधिक होत नाही. तसेच दावा करायचा असेल, तर माल बुक केल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत वाहतूकदाराला लेखी नोटीस द्यावी लागते. तोंडी भांडणात ही मुदत निघून गेलेली मी अनेकदा पाहिली आहे.

विम्याबाबत एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. ट्रॅक्टरचा सर्वसमावेशक विमा असेल, तर वाहन ट्रकवरून नेले जात असताना झालेले नुकसानही त्यात येते. परंतु पॉलिसी विकणाऱ्याच्या नावावर राहिली, तर स्वतःच्या नुकसानीचा दावा तुम्हाला मिळत नाही. आपोआप बदलते ते फक्त त्रयस्थाच्या नुकसानीचे संरक्षण. म्हणून मालकी बदलताच १४ दिवसांच्या आत विमा कंपनीकडे नाव बदलण्याचा अर्ज द्या, आणि शक्य असेल तर ट्रॅक्टर निघण्यापूर्वीच द्या. बहुतेक जुन्या ट्रॅक्टरांचा विमा त्रयस्थापुरताच असतो किंवा संपलेला असतो. तसे असेल तर या एका प्रवासासाठी वाहतुकीचा वेगळा विमा घ्यावा, आणि त्यात ट्रक उलटणे व टक्कर याबरोबर चढवताना-उतरवताना होणारे नुकसान धरले आहे का, हे विचारून घ्यावे.

पैसे देताना गाडीचा क्रमांक सरकारच्या एम-परिवहन ॲपवर टाकून फिटनेस, विमा आणि नॅशनल परमिट पाहा, आणि चालकाचा परवाना व गाडीसमोर उभा असलेला चालक यांचा फोटो घ्या. ट्रॅक्टर हौद्यात बांधून बिल्टी हातात येईपर्यंत आगाऊ एक रुपयाही देऊ नये. त्यानंतर डिझेल-टोलपुरती, म्हणजे निम्म्या भाड्याच्या आसपास रक्कम द्यावी आणि उरलेली गावात ट्रॅक्टर जमिनीवर उतरल्यावर. उतरवण्याची हमाली आणि थांबण्याचे पैसे कोणाकडे, हेही बिल्टीवरच लिहून घ्या, कारण वाद नेमका तिथेच होतो.

गेवराईत गाडी येईल त्या दिवशी बाजार समितीच्या गोदामाचा धक्का किंवा पक्क्या रस्त्यालगतचा उंच बांध आधीच ठरवून ठेवा. पट्टे सोडण्यापूर्वी ट्रॅक्टरचे चारही बाजूंनी फोटो काढा, यादीप्रमाणे वस्तू मोजा, आणि काही मोडलेले किंवा कमी असेल तर ते चालकाच्या सहीसह बिल्टीच्या पोचेवर लिहून घ्या. मग धुराच्या तोंडावरचा बोळा काढून सायलेन्सर बसवा, बॅटरी जोडा, पाणी आणि तेल पाहा, डिझेलमधली हवा काढा आणि इंजिन पाच मिनिटे संथ चालू द्या. बीडच्या कार्यालयात नव्या नोंदणी क्रमांकाचा नमुना २७ आणि नमुना ३० घेऊन जाताना निरीक्षक चासी क्रमांक स्वतः वाचतात, तेव्हा त्या जागेवरची माती आणि ग्रीस आदल्या दिवशीच डिझेलच्या फडक्याने पुसून ठेवा.